अरब, अरबी भाषा आणि धार्मिक अल्पसंख्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम आशियाच्या बातम्या मराठीत येतात तेव्हा ‘अरब’ आणि ‘मुस्लीम’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यात दमास्कसचा ख्रिस्ती, बगदादचा ज्यू, उत्तर सीरियातला कुर्द ही माणसं आपल्या नजरेआड होतात. या विषयावर बोलताना लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. जिथे गुंता मोठा आहे तिथे उत्तर लांबलं आहे, त्याला इलाज नाही.

अरब म्हणजे मुसलमानच ना?

नाही. इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश या चारच देशांत मिळून अरब जगापेक्षा जास्त मुसलमान राहतात, आणि ते अरब नाहीत. उलट लेबनॉन, सीरिया, इजिप्त, पॅलेस्टाइन, इराक इथले ख्रिस्ती समाज इस्लामच्याही आधीपासून तिथे आहेत. त्यांतले बहुतेक घरी अरबी बोलतात आणि प्रार्थनेत देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, कारण अरबीत देवाला तोच शब्द आहे. याशिवाय शिया परंपरेतून निघालेल्या वेगळ्या पंथांचे द्रुझ आहेत, अलवी आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अरबी बोलणारे लाखो ज्यूही होते.

राष्ट्रवाद येण्याआधी माणसाची ओळख कशावरून ठरायची?

तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात धर्मावरून. प्रत्येक मोठ्या धर्मसमाजाला ‘मिल्लत’ म्हणत. लग्न, वारसा, शाळा असे व्यवहार त्या त्या समाजाचे धर्मगुरू बघत. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणूस ‘रूम’ या मिल्लतीचा, मग तो घरी ग्रीक बोलो, अरबी बोलो की तुर्की. भाषेला कागदोपत्री किंमतच नव्हती.

ही मोजपट्टी किती खोल रुजली होती ते १९२३ साली दिसलं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली ती धर्म बघून. अनातोलियातले करामानली ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलत होते. त्यांना ग्रीसला पाठवलं गेलं आणि तिथली भाषा त्यांना कळेना. त्याच सुमारास शेजारच्या अरब प्रांतांत माणसं नेमकी उलटी मोजपट्टी घडवत होती.

भाषा हा राष्ट्राचा पाया, हा विचार अरबांमध्ये कुठून आला?

त्याची एक सुरुवात रक्तपातातून झाली. १८६०च्या उन्हाळ्यात लेबनॉनच्या डोंगरात द्रुझ आणि मॅरोनाइट ख्रिस्ती यांच्यात कत्तली झाल्या. जुलैमध्ये ती आग दमास्कसला पोचली आणि तिथली ख्रिस्ती वस्ती जाळली गेली. हजारो माणसं मेली. निर्वासितांनी बैरूत भरून गेलं.

त्या बैरूतमध्ये बुत्रुस अल-बुस्तानी (१८१९–१८८३) राहत होता. जन्माने मॅरोनाइट, पुढे प्रोटेस्टंट झालेला, शिक्षक आणि भाषापंडित. सप्टेंबर १८६० ते एप्रिल १८६१ या काळात त्याने ‘नफीर सूरिया’ म्हणजे सीरियाची तुतारी या नावाने अकरा पत्रकं छापली. स्वतःचं नाव घातलं नाही, खाली सही केली ती ‘वतनावर प्रेम करणारा’ अशी. वाचकांना त्याने हाक मारली ‘वतनाच्या लेकरांनो’. तुम्ही एकच पाणी पिता, एकाच हवेत श्वास घेता, एकच भाषा बोलता, मग एकमेकांचे गळे का कापता, असा त्याचा सवाल होता.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं. ‘वतन’ हा शब्द आपल्याकडेही आला, पण आपल्याकडे तो पाटीलकीचं, देशमुखीचं पिढीजात वतन होऊन बसला. अरबीत त्याचा जुना अर्थ राहतं ठिकाण, आपलं गाव. एकोणिसाव्या शतकात बुस्तानीसारख्या लोकांनी त्यात ‘देश’ भरला आणि त्या देशाच्या लेकरांना धर्म न विचारता आत घेतलं.

बुस्तानी लिहून थांबला नाही. १८६३ मध्ये त्याने बैरूतला सर्व पंथांच्या मुलांसाठी ‘राष्ट्रीय शाळा’ काढली. १८६७ ते १८७० मध्ये ‘मुहीत अल-मुहीत’ हा शब्दकोश दोन खंडांत आणला आणि १८७६पासून अरबी विश्वकोश काढायला घेतला. दंगलीनंतर एखादा माणूस शब्दकोश करायला बसतो, हे मला फार विलक्षण वाटतं. कत्तलीवर त्याला सुचलेला इलाज सगळ्यांची मिळून एक भाषा हा होता.

या नवजागरणात ख्रिस्ती लोक इतके पुढे कसे?

या काळाला अरबीत ‘नहदा’ म्हणतात, म्हणजे उठणं. ख्रिस्ती लोक पुढे असण्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे : छापखाने आणि मिशनऱ्यांच्या शाळा त्यांच्या हाताशी आधी आल्या. लेबनॉनच्या कुझहय्या मठात १६१० मध्येच स्तोत्रांचं पुस्तक छापलं गेलं होतं. अलेप्पोत १७०६ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंनी अरबी अक्षरांचा छापखाना चालवला. पुढे बैरूतमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी बायबलचं नवं अरबी भाषांतर हाती घेतलं तेव्हा त्यावर बुस्तानी आणि नासिफ अल-याझिजी (१८००–१८७१) यांनी काम केलं. १८६५ मध्ये कॉर्नेलियस व्हॅन डाइक यांनी ते पुरं केलं. नासिफचा मुलगा इब्राहिम याने अरबांना ‘जागे व्हा, उठा’ म्हणणारी कविता लिहिली आणि ती तोंडोतोंडी पसरली.

वृत्तपत्रांतही तेच. इजिप्तचं ‘अल-अहराम’ १८७५ मध्ये काढलं ते तकला या लेबनॉनी ख्रिस्ती भावांनी. ‘अल-हिलाल’ मासिक १८९२ मध्ये काढलं ते जुर्जी झैदानने, तोही बैरूतचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. धर्मावर उभ्या राज्यात ख्रिस्ती माणूस कितीही शिकला तरी दुय्यमच राहणार. भाषेवर उभ्या राष्ट्रात तो पहिल्या रांगेत बसू शकत होता. पण म्हणून अरब राष्ट्रवाद ही ख्रिस्त्यांचीच करणी होती असं समजू नये. पहिल्या महायुद्धाआधीच्या अरब संघटनांत बहुसंख्य कार्यकर्ते मुसलमानच होते.

पण अरबी ही कुराणाची भाषा. ती ख्रिस्त्यांना आपली कशी वाटली?

सगळा पेच इथेच आहे. अभिजात अरबीचं व्याकरण, तिची शैली, तिची प्रतिष्ठा यांच्या मध्यभागी कुराण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वादांत एक वाक्य फिरायचं : ‘अरबीने ख्रिस्ती व्हायला नकार दिला आहे.’ ख्रिस्ती माणूस चांगलं अरबी लिहूच शकणार नाही, असा त्याचा रोख.

ख्रिस्ती लेखकांनी याला उत्तर दिलं ते अभ्यासाने. नासिफ अल-याझिजीने अभिजात शैलीतली अशी गद्यरचना केली की जाणकारांना मान डोलवावी लागली. लुई शेखो (१८५९–१९२७) या जेझुइट पाद्र्याने इस्लामपूर्व अरबस्तानातले ख्रिस्ती कवी शोधून त्यांचे संग्रह काढले. त्यातल्या काहींना त्याने ओढूनताणून ख्रिस्ती ठरवलं, अशी टीका झाली. पण सातव्या-आठव्या शतकातल्या उमय्या खलिफांच्या दरबारात अल-अख्तल हा ख्रिस्ती कवी मानाने मिरवत होता, हे कुणालाच नाकारता येत नव्हतं.

तरी भिंत होतीच. १९१० मध्ये कैरोच्या नव्या विद्यापीठाने जुर्जी झैदानला इस्लामचा इतिहास शिकवायला बोलावलं. या माणसाने इस्लामी इतिहासावर पाच खंड लिहिले होते आणि त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्या घरोघरी वाचल्या जात होत्या. ख्रिस्ती माणसाने इस्लामचा इतिहास शिकवायचा, यावर आरडाओरडा झाला आणि विद्यापीठाने आमंत्रण मागे घेतलं.

तुर्कांशी फाटलं ते भाषेवरून का?

बऱ्याच अंशी हो. १९०८च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या तरुण तुर्कांनी कचेऱ्या, न्यायालयं आणि शाळांत तुर्कीचा आग्रह वाढवला. अरबी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा खटला त्याला न कळणाऱ्या भाषेत चालू लागला. जून १९१३ मध्ये पॅरिसला भरलेल्या अरब परिषदेत मुसलमान आणि ख्रिस्ती प्रतिनिधी एकत्र बसले आणि अरब प्रांतांत अरबीला अधिकृत दर्जा द्या, ही मागणी त्यांनी ठरावात घातली. ६ मे १९१६ रोजी जमाल पाशा या उस्मानी सेनापतीने बैरूत आणि दमास्कसच्या चौकांत अरब पुढाऱ्यांना फासावर लटकवलं. त्यांतही दोन्ही धर्मांची माणसं होती.

हा भाषेचा झगडा चर्चच्या आतही झाला का?

झाला, आणि तो फार बोलका आहे. अँटिऑकच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भाविक अरबी बोलणारे, पण १७२४पासून सर्वोच्च धर्मगुरूपदी ग्रीकच. १८९९ मध्ये मलातियस दुमानी हा अरब माणूस त्या पदावर निवडून आला. साती अल-हुसरी या राष्ट्रवादी विचारवंताने पुढे या घटनेला अरब राष्ट्रवादाचा पहिला खरा विजय म्हटलं. विजय कुठला, तर एका चर्चमधला.

जेरुसलेममध्ये मात्र ते जमलं नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी आजही ग्रीक आहेत. खलील अल-सकाकिनी (१८७८–१९५३) हा तिथला शिक्षक. ग्रीक वर्चस्वाविरुद्ध त्याने १९१३ मध्ये पत्रक लिहिलं आणि त्याला चर्चबाहेर काढण्यात आलं. पुढे त्याने मुलांसाठी अरबी वाचनमाला लिहिली. तिचा पहिला धडा म्हणजे ‘रास, रूस, दार, दूर’ : डोकं, डोकी, घर, घरं. अक्षरं घोकायची नाहीत, मुलाने पहिल्याच दिवशी अख्खा शब्द वाचायचा. त्याच्या पुस्तकांवर अनेक पिढ्या शिकल्या, मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच बाकावर.

साती अल-हुसरी कोण? त्याचं नाव सारखं का येतं?

कारण ‘जो अरबी बोलतो तो अरब’ ही व्याख्या सर्वांत ठामपणे त्याने मांडली आणि शाळांतून राबवली. जन्म १८८० चा, सनामधला. वडील अलेप्पोचे, उस्मानी नोकरीत. अल-हुसरी वाढला तुर्की बोलत, आणि त्याच्या अरबीत तुर्की हेल शेवटपर्यंत राहिला असं त्याला ओळखणारे सांगत. अशा माणसाने भाषेवर राष्ट्र उभं केलं! जर्मन विचारवंत हेर्डर आणि फिख्टे यांचा त्याच्यावर प्रभाव होता. भाषा हा राष्ट्राचा जीव आणि इतिहास ही त्याची आठवण, हे त्याचं सूत्र. तुम्हाला अरब व्हायचं आहे की नाही, हा प्रश्नच तो मान्य करत नसे. अरबी तुमची भाषा आहे ना, मग तुम्ही अरब, तुम्हाला पटो वा न पटो.

१९२१ ते १९४१ या काळात इराकच्या शिक्षणव्यवस्थेवर त्याचा मोठा पगडा होता. आणि तिथेच या व्याख्येला तडा गेला. १९२७ मध्ये नजफच्या मुहम्मद महदी अल-जवाहिरी या तरुण शिया कवीला शिक्षकाची नोकरी मिळाली. नजफच्या मदरशांत मुरलेलं त्याचं अरबी असं की पुढे विसाव्या शतकातल्या थोर अरबी कवींत त्याची गणना झाली. अल-हुसरीने हरकत घेतली, कारण जवाहिरीकडे इराणी नागरिकत्व होतं. त्यात त्याची इराणचं कौतुक करणारी एक कविता निघाली आणि प्रकरण चिघळलं. त्या काळी अनेक शिया कुटुंबांनी उस्मानी लष्करभरती टाळायला इराणी कागद घेतले होते. इराकच्या १९२४च्या नागरिकत्व कायद्याने पूर्वीचे उस्मानी प्रजाजन आणि इराणी प्रजाजन असा भेद कायम केला. पुढे १९८०च्या दशकात त्याच भेदावर बोट ठेवून सद्दाम हुसेनच्या राजवटीने मोठ्या संख्येने शियांना सीमेपार हाकललं.

तुर्की हेल असलेला अधिकारी अरबीच्या श्रेष्ठ कवीला ‘तू आमचा नाहीस’ म्हणतो. या विषयातला हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. भाषा पुरेशी आहे असं जाहीर करणाऱ्यांनाही ऐन वेळी ती पुरेशी वाटली नाही.

बाथ पक्षाच्या संस्थापकांत अल्पसंख्य समाजातले लोक होते, हे खरं का?

खरं आहे. ७ एप्रिल १९४७ रोजी दमास्कसमध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे सीरिया व इराकमध्ये सत्तेवर आलेल्या या अरब राष्ट्रवादी पक्षाचा मुख्य विचारवंत मिशेल आफ्लाक (१९१०–१९८९) दमास्कसचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्याचा साथी सलाह अल-दीन बितार सुन्नी. ज्याचे अनुयायी पक्षात मोठ्या संख्येने आले तो झकी अल-अर्सुझी (१८९९–१९६८) अलवी, अँटिऑकचा शिक्षक. १९३०च्या दशकाअखेर त्याचा प्रदेश तुर्कस्तानकडे गेला आणि तो दमास्कसला निर्वासित म्हणून आला. गाव गेलं, भाषा उरली. १९४३ मध्ये त्याने अरबी भाषेच्या प्रतिभेवर पुस्तक लिहिलं.

त्याचा मुद्दा कळायला अरबीची घडण माहीत हवी. तीन व्यंजनांचं एक मूळ धरायचं आणि त्यात स्वर भरायचे. क-त-ब या मुळातून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लेखक, मकतब म्हणजे कचेरी, मकतूब म्हणजे लिहिलेलं. अर्सुझी म्हणायचा की या मुळांतच अरबांचं मन साठवलेलं आहे. ‘उम्मा’ म्हणजे राष्ट्र आणि ‘उम्म’ म्हणजे आई, हे नातं तो पुन्हा पुन्हा दाखवायचा. भाषाशास्त्र म्हणून हे टिकत नाही. पण अलवी माणसाला यातून काय मिळत होतं ते बघा : सुन्नी बहुसंख्यांच्या देशात आईच्या भाषेतून थेट राष्ट्राशी नातं, मध्ये कुठला मौलवी नाही.

आफ्लाकचा मार्ग वेगळा होता. १९४३ मध्ये प्रेषितांच्या स्मरणार्थ दमास्कस विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्याने इस्लाम हा सगळ्या अरबांचा वारसा आहे आणि ख्रिस्ती अरबांनीही तो प्रेमाने आपला मानावा, असं मांडलं. काहींना यात मनाचा मोठेपणा दिसला, काहींना शरणागती. १९८९ मध्ये तो वारला तेव्हा त्याने मरणापूर्वी इस्लाम स्वीकारला होता, असं इराकच्या सरकारने जाहीर केलं. आयुष्यभर धर्मापेक्षा भाषेचं राष्ट्र मोठं मानणाऱ्या माणसाचा धर्म त्याच्या मृत्यूनंतर सरकारी घोषणेचा विषय झाला.

अरबी म्हणजे नेमकी कुठली अरबी? बोली तर वेगवेगळ्या आहेत ना?

हो. लिहिण्याची, भाषणांची, बातम्यांची भाषा ‘फुस्हा’. घरची, बाजाराची ‘आम्मिया’, आणि ती प्रत्येक देशात, कधी प्रत्येक गल्लीत निराळी. मोरोक्कोचा माणूस आपल्या बोलीत भरभर बोलला तर बगदादच्या माणसाला फारसं काही कळणार नाही. राष्ट्रवाद्यांचं राष्ट्र होतं फुस्हाचं, आणि फुस्हा कुणाचीच मातृभाषा नाही. म्हणून बोलीत लिहा असं कुणी म्हटलं की त्यांना राष्ट्र फोडण्याचा डाव दिसायचा.

बोलीवरून माणूस ओळखताही येतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. लेबनॉनच्या १९७५च्या यादवीतल्या आठवणींत टोमॅटोची गोष्ट हटकून येते. नाक्यावर बंदूकधारी टोमॅटो दाखवून विचारायचा, हे काय? लेबनॉनी ‘बनादूरा’ म्हणतो, पॅलेस्टिनी ‘बंदोरा’. एका स्वरावर सुटका व्हायची किंवा गाडीतून उतरवलं जायचं.

सगळ्या ख्रिस्ती समाजांनी ‘आम्ही अरब’ हे मान्य केलं का?

मुळीच नाही. मॅरोनाइटांचंच घ्या. त्यांची उपासनेची भाषा सिरियाक, म्हणजे जुन्या अरामीची एक शाखा, आणि बोलण्याची अरबी. मधल्या काळात ते अरबी मजकूर सिरियाक लिपीत लिहीत, त्याला ‘गर्शुनी’ म्हणतात. कुझहय्याचं ते १६१०चं पुस्तक उघडलं तर एका स्तंभात सिरियाक भाषा आणि शेजारच्या स्तंभात सिरियाक अक्षरांतली अरबी. शेजाऱ्याचीच भाषा, पण अक्षरं आपली.

फ्रेंच अमलात काही मॅरोनाइटांनी आपण अरब नसून फिनिशियनांचे वंशज आहोत असं मांडलं. शार्ल कोर्म याने १९१९ मध्ये त्यासाठी नियतकालिक काढलं, तेही फ्रेंचमध्ये. सईद अक्ल (१९१२–२०१४) या कवीने पुढचं पाऊल टाकलं : लेबनॉनी ही वेगळी भाषा आहे म्हणून त्याने तिच्यासाठी लॅटिन अक्षरांवरून वर्णमाला केली आणि १९६१ मध्ये त्यात कवितासंग्रह छापला. लिपी चालली नाही. याच कवीच्या फुस्हातल्या कविता मात्र लोकांना तोंडपाठ आहेत. लेबनॉनच्या संविधानात १९२६ मध्ये अरबी आणि फ्रेंच दोन्ही होत्या, १९४३ मध्ये अरबी एकटी राष्ट्रीय भाषा झाली. देश अरब आहे का, हे मात्र यादवी संपवणाऱ्या १९८९च्या ताइफ करारापर्यंत कागदावर स्पष्ट झालं नव्हतं.

आणि इजिप्तचे कॉप्ट?

कॉप्ट म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती. त्यांची कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचा अखेरचा टप्पा. शांपोलियों या फ्रेंच पंडिताला १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली ती कॉप्टिक येत होतं म्हणून. आठव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी कारभार अरबीत गेला. दहाव्या शतकात अश्मूनैनचा बिशप साविरस याने धर्मग्रंथ अरबीत लिहिले. सतराव्या शतकाच्या सुमारास कॉप्टिक बोलीतून संपली, चर्चमध्ये राहिली. इक्लादियुस लबीबने १९००च्या आसपास ती घरात परत आणायची धडपड केली, पण ते फारसं रुजलं नाही. कॉप्ट आज अरबीच बोलतात. मात्र त्यांच्यातल्या अनेकांना ‘अरब’ म्हटलेलं आवडत नाही, ‘इजिप्शियन’ म्हटलेलं चालतं.

अरबी बोलणारे ज्यू अरब होते का?

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बगदादच्या साधारण दोन लाख वस्तीत ऐंशी हजारांच्या आसपास ज्यू होते. तिथल्या बाजारात ‘मी म्हणालो’ हे शब्द ऐकून माणसाचा धर्म सांगता यायचा : मुसलमान ‘गिलित’ म्हणायचा, ज्यू आणि ख्रिस्ती ‘केल्तु’. गंमत वाटेल, पण जुनी नागरी बोली ज्यू-ख्रिस्त्यांची. मुसलमानांची बोली मंगोल स्वाऱ्यांनंतर वाळवंटातून आलेल्या टोळ्यांच्या वळणाची. म्हणजे बगदादचं अस्सल जुनं अरबी ज्यूंच्या घरात जपलं गेलं होतं.

अन्वर शाऊलसारखे ज्यू लेखक अरबीत नियतकालिकं चालवत होते. १९३२च्या कैरोच्या संगीत परिषदेला इराकचं जे पथक गेलं त्यात गायक मुहम्मद अल-कुब्बांजी मुसलमान आणि वादक बहुतेक सगळे ज्यू. मग १ आणि २ जून १९४१ ला बगदादमध्ये ‘फरहूद’ झाला, ज्यू घरं लुटली गेली, माणसं मारली गेली. १९४८ मध्ये इस्रायल झालं, १९५० मध्ये नागरिकत्व सोडून जाण्याचा कायदा आला, आणि १९५१ संपेपर्यंत सुमारे एक लाख वीस हजार ज्यू निघून गेले. भाषेने त्यांना वाचवलं नाही. दोन्ही बाजूंच्या राष्ट्रवादांना ‘अरब ज्यू’ हा जोडशब्दच नको होता.

समीर नक्काश तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. इस्रायलमध्ये त्याच्या पिढीतले बहुतेक लेखक हिब्रूकडे वळले. तो २००४ मध्ये वारला तोवर अरबीतच लिहीत राहिला, संवाद बगदादी ज्यू बोलीत घालून आणि वाचकाला कळावं म्हणून खाली टिपा देऊन. इस्रायलमध्ये अरबी वाचणारे ज्यू कमी होत गेले आणि अरब जगात त्याची पुस्तकं मोकळेपणाने पोचत नव्हती.

ज्यांची मातृभाषाच अरबी नव्हती त्यांचं काय झालं?

भाषेच्या दाराने ख्रिस्त्याला आत घेतलं, तेच दार कुर्द मुसलमानाच्या तोंडावर बंद झालं. धर्म एक, मशीद एक, पण भाषा दुसरी. १९६२ मध्ये सीरियाने हसाका प्रांतात एका दिवसाची जनगणना केली आणि सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचं नागरिकत्व गेलं. ते सीरियातच जन्मले, सीरियातच राहिले, पण शाळेचा दाखला किंवा जमिनीचा कागद मिळणं मुश्कील झालं. अल्जीरियात १९८० मध्ये मौलूद मामेरी यांचं कबायली बर्बरांच्या जुन्या काव्यावरचं व्याख्यान सरकारने रोखलं आणि तिझी-ऊझू हे शहर पेटलं. तमाझिगत या बर्बर भाषेला तिथे अधिकृत दर्जा मिळायला २०१६ उजाडावं लागलं.

इराकच्या असिरियनांना, म्हणजे सिरियाक बोलणाऱ्या ख्रिस्त्यांना, दुहेरी मार बसला, धर्म वेगळा आणि भाषाही. ऑगस्ट १९३३ मध्ये सिमेले इथे इराकी सैन्याने त्यांची कत्तल केली. १९७२ मध्ये बाथ सरकारने सिरियाक बोलणाऱ्यांना सांस्कृतिक हक्क जाहीर केले, पण ते कागदावरच जास्त राहिले. २००५च्या संविधानाने त्यांची दाट वस्ती असलेल्या भागांत सिरियाकला अधिकृत दर्जा दिला.

दमास्कसच्या ईशान्येला मालूला आहे. तिथले ख्रिस्ती अजून अरामी बोलतात, येशूच्या भाषेचं गाव म्हणून लोक ते बघायला जातात. पण शेजारच्या जुबआदीनमध्ये हीच भाषा मुसलमान बोलतात. त्यांची आठवण पर्यटकांना कुणी करून देत नाही.

अरबी बोलूनही अरब न म्हणवणारा देश आहे का?

माल्टाची भाषा अरबीपासून निघालेली आहे, लॅटिन लिपीत लिहिलेली. लोक कट्टर कॅथलिक. देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाला ‘रंदान’. हा शब्द रमजानवरून आला आहे. स्वतःला मात्र ते युरोपीय म्हणवतात.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो पुण्याच्या कॅम्पात लाल विटांत उभा आहे. लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं ओहेल डेव्हिड सिनेगॉग १८६० च्या दशकात बांधलं ते डेव्हिड ससून यांनी. त्यांचा जन्म बगदादचा, १७९२ चा. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईत आले, १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि या सिनेगॉगच्या आवारातच त्यांची समाधी आहे. ससून डॉक, ससून रुग्णालय ही नावं आपण रोज घेतो, पण हे घर अरबी बोलणारं होतं हे कुणाच्या लक्षात नसतं. बगदादी ज्यूंसाठी मुंबईत १८५०च्या दशकापासून एक वृत्तपत्र निघत होतं : भाषा अरबी, लिपी हिब्रू. पुढच्या पिढ्या इंग्रजीकडे गेल्या आणि घरातली अरबी विरत गेली.

त्याच मुंबईत, त्याच धर्माचे बेने इस्रायली कोकणातून आलेले. त्यांची भाषा मराठी. १८४६ मध्ये मुंबईत त्यांच्या वल्हांडणाच्या विधीचं पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं, १८७४ मध्ये पुण्यातही छापलं गेलं. धर्म एक असूनही बगदादी ज्यू त्यांच्यापासून अंतर राखून असत, प्रार्थनास्थळंसुद्धा वेगळी. पुढे इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींनी एक मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव ‘मायबोली’.